पहिल्या खेपेची ऊब

दर सोमवारी सकाळी डॉ. पाटणकर घरी यायच्या आणि आईच्या पाठीवर निळ्या पेनानं एक आडवी रेघ ओढून जायच्या. कमरेपासून सुरुवात. कापसाचा बोळा टेकवायचा, मग गार चमचा टेकवायचा, बोटबोट वर सरकायचं. आई "हां, हितं" म्हणाली की तिथं रेघ. रेघेच्या खाली आईची पाठ मुकी झालेली, रेघेच्या वर अजून बोलती.

"पाणी कितव्या पायरीला आलं गं?" आई विचारायची.

आम्ही कऱ्हाडचे. पावसाळ्यात संगमावर जायचं आणि पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलं ते बघून यायचं, ही इथली सवय. आईनं तीच भाषा स्वतःच्या पाठीला लावली होती. मी फोनवर टाइप करायची, 'खांद्याच्या हाडाखाली चार बोटं.' तिच्या पाठीवरच्या कापडातून अक्षरं टकटकत जायची. ती मान हलवायची.

"म्हंजे अजून जागा हाय. तवर येईल न्हवं त्येंचा हात?"

आमच्या घरात हा एकच प्रश्न उरला होता. बाबा जाऊन तेरा महिने झाले होते. त्यांचा हात मात्र माझ्याकडे जपून ठेवलेला होता, अकरा मिनिटांचा. आईची पाठ पुरती मुकी व्हायच्या आत तो तिच्या पाठीवर पोचवायचा होता.

आईचं नाव सगुणा. पाच वर्षांपूर्वी तिला एक ताप आला. ताप उतरला, पण तेव्हापासून तिचं शरीर स्वतःच्याच नसांना परकं समजून कुरतडू लागलं. आधी कान गेले, पाठोपाठ डोळे. मग तळपाय, मग तळहात. जीभ शाबूत राहिली, आणि पाठ आणि चेहरा. दळताना, लिंपताना ओव्या म्हणणारी माझी आई स्वतःच्या आवाजालाही मुकली, आणि तरी म्हणत राहिली. सूर कुठल्या कुठे जायचा. बाबा चाकावर बसल्या बसल्या ऐकायचे आणि म्हणायचे, "कोकिळा बहिरी झाली म्हणून काय तिनं झाड सोडायचं?"

बाबा, महिपती कुंभार. चाकावरून उतरलेलं ओलं मडकं मांडीवर घ्यायचं, आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं थोपटत थोपटत त्याला फुगवत न्यायचं. दोन थापा हलक्या, एक जड. जन्मभर तोच ठेका. आईच्या पाठीवर हात ठेवला तरी तोच. दोन हलक्या, एक जड. तापानंतर ती रडायला लागली की ते मडकं थोपटल्यासारखं तिला थोपटायचे. भट्टीजवळ बसून बसून तळहात कायम कोमट असायचा.

मी वेबसाइट बनवते. म्हणजे साध्या पडद्यासाठी बनवत होते, आईच्या आजारानंतर कातडीसाठी बनवू लागले. पुण्यात 'स्पर्शसेतू' नावाचा एक प्रकल्प सुरू झाला होता. त्यांनी पाठपट काढला होता. बंडीसारखं अंगात घालायचं कापड, पाठीच्या बाजूला बाराशे ठिपके विणलेले. प्रत्येक ठिपका दाबू शकतो, थरथरू शकतो. फोनवरचा ब्राउझर काय करतो? पानाचा कोड वाचतो आणि पडद्यावर चित्र काढतो. पाठपटातला ब्राउझर तोच कोड वाचतो आणि पाठीवर काढतो. बातमी असो, पत्र असो, दवाखान्याची तारीख असो, सगळं पाठीवर उमटतं. आईला ती लिपी शिकायला सहा महिने लागले. पहिलं अख्खं वाक्य तिला कळलं त्या सकाळी तिनं तिथल्या तिथं ओवी जुळवली होती.

कानाचं गेलं दार, डोळ्याची गेली खिडकी
पाठीच्या भिंतीवरी सये, कोण मारीतो टिचकी

"मी मारतेय," मी टाइप केलं.

"तृपे! अगं, तू व्हय!" माझं नाव तृप्ती, पण आईला ते पुरतं कधी म्हणावंसं वाटलं नाही. ती हसत सुटली, आणि बाबांनी चाक थांबवून तोंड फिरवलं.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही. आपण पान लिहितो तेव्हा ते कुणाच्या यंत्रावर उघडेल हे आपल्या हातात नसतं. कुणाचं यंत्र नवं, कुणाचं जुनं. एखाद्याला रंग येतात, एखाद्याला येत नाहीत. म्हणून पानानं आधी यंत्राला विचारायचं असतं, बाबा रे, तुला अमुक येतं का? येत असेल तर हे घे. नसेल तर त्याऐवजी हे साधं घे. म्हणजे कुणीच रिकाम्या हातानं परत जात नाही. शिकाऊ पोरांना मीच शिकवायची, यंत्राचं नाव विचारू नका, त्याला काय येतं ते विचारा. नावं फसवतात. यंत्र आतून बदलतं आणि नाव तेच सांगत राहतं.

पहिल्या खेपेच्या पाठपटात ठिपक्यांसोबत उबेचे धागे होते. हाताची उष्णता हुबेहूब देणारे. पण सुरुवातीच्या चाचणीत सिग्नल तुटला की धागे तापतच राहायचे. दोन बायकांच्या पाठी लाल झाल्या. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, आणि मी घाईत एक ओळ लिहिली. यंत्र स्वतःचं नाव 'पहिली खेप' सांगत असेल तर ऊब आणि तिच्याच धाग्यांतून जाणारा हाताचा दाब पाठवायचा नाही, त्याऐवजी शब्द पाठवायचे. कोणती खेप काय करू शकते याचा तक्ता मीच बनवला. 'पहिली खेप, ऊब: नाही' असं मीच त्यात भरलं. आईच्या अंगातला पाठपट पहिल्याच खेपेतला. मला वाटलं होतं, मी आईला भाजण्यापासून वाचवलं.

दुसऱ्या खेपेत ऊब नव्हतीच. तिसरी खेप येणार, तिच्यात ऊब असणार, असं जाहीर झालं तेव्हा बाबांच्या फुप्फुसात भट्टीचा धूर कायमचा वस्तीला आला होता. त्यांना माहीत होतं. प्रकल्पाचा एक हातमोजा मी घरी आणला. बोटांचा दाब, तळव्याची ऊब, सगळं टिपून ठेवणारा. बाबा खाटेवर बसले, आई पुढ्यात पाठ करून. मोजा चढवून बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"काय करायचं?" त्यांनी मला विचारलं.

"रोज करता तेच."

"मंग ह्यात नवीन काय?" मग दमत दमत म्हणाले, "मी गेल्यावर मशीन थोपटणार तुझ्या आईला. तेवढंच माझं काम हलकं."

दोन हलक्या, एक जड. मधेच खोकल्याची उबळ आली, हात उचलला, पुन्हा ठेवला. अकरा मिनिटांनी थकून आडवे झाले. तीन आठवड्यांनी गेले.

तेरावं झाल्यावर आई म्हणाली, "त्येंचा हात लाव."

नवी खेप आली नव्हती. तरी मी लावला, जुन्याच पाठपटावर. माझ्याच ओळीनं तो अडवला आणि हाताच्या जागी शब्द पाठवले. आई एकेक अक्षर ओठांनी जुळवत गेली. "महि-प-तीं-चा हात. थो-पट-त आहे."

"हात हाय म्हणून सांगतंय," ती म्हणाली. "हात न्हाई."

'नवा पाठपट आला की येईल,' मी टाइप केलं.

मग वाट बघणं. मी अर्ज केला. अर्ज परत आला, डॉक्टरांचं पत्र जोडलं. पत्र जुनं झालं, नवं जोडलं. खेप कारखान्यातून निघाली, तपासणीत अडली. आई इकडे गंमत करत होती. पाठपटाला गोणपाट म्हणायची. "तुझं पहिलं गोणपाट काय वाईट न्हाई. फकस्त त्येला लाड करता येत न्हाईत." एकदा कणीक मळताना, म्हणजे मी मळत होते आणि ती शेजारी बसून ओवी म्हणत होती:

तुमच्या हातानं धनी, मातीचा झाला घडा
पाठीची माझी माती, एक थाप तेवढी धाडा

मी कणकेच्या हातानंच तिच्या पाठीवर तसं थोपटलं. दोन हलक्या, एक जड. ती समजुतीनं हसली. "न्हाई गं तृपे. तू भाकरी थापतीस. त्ये मडकं घडवायचे."

निळी रेघ चढत होती. दर सोमवारी बोटभर, कधी दीड बोट. पाठपटाची अक्षरं मी वर वर सरकवत नेली. बाराशे ठिपक्यांतले आठशे, मग पाचशे, मग दोनशे. वाक्यं आखूड झाली. मग एका सोमवारी डॉ. पाटणकरांनी रेघ ओढलीच नाही, दोन खांद्यांच्या मधे विड्याच्या पानाएवढा एक आकार काढला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. तृप्ती, जे करायचं ते याच आठवड्यात."

मी यास्मिनला फोन केला. यास्मिन मुलाणी माझ्यासोबतच प्रकल्पात होती, पुण्याच्या ऑफिसात. फोनवर मी नीट बोललेही नाही बहुतेक, कारण ती म्हणाली, "रडू नकोस, मला काही कळत नाहीये. मी गोडाउनमधून एक उचलून आणते. सही मागाहून बघू."

गुरुवारी दुपारी ती आली. हातात तिसऱ्या खेपेचं सीलबंद खोकं. आईच्या पाया पडली, मग आपला गाल तिच्या गालाला टेकवला. आईनं तिच्या हनुवटीला हात लावला, स्वतःच्या बोटांना काही कळत नसताना.

"कोण?"

मी पाठपटातून 'यास्मिन' पाठवलं. ते आईला कळलं नाही. मग मी बोटानं तिच्या कपाळावर लिहिलं, एकेक अक्षर, 'यास्मिन. नवा पाठपट आणलाय.' चेहरा अजून जागा होता.

"पाठीत न्हाई आलं," आई म्हणाली. "हळू लिवलंस वाटतं."

मी यास्मिनकडे बघितलं. तिनं लॅपटॉप उघडला. "आधी जुन्यातली सगळी सेटिंग नव्यात घेऊ. पाच मिनिटं." तिनं आईच्या अंगातला पाठपट जोडला आणि सवयीनं, नावबिव न बघता, त्याला एकेक प्रश्न विचारत गेली. दाब येतो का? येतो. थरथर येते का? येते. पडद्यावर उत्तरं उतरत होती. मी चहाचं आधण ठेवायला वळले.

"तृप्ती."

"साखर चालते ना तुला?"

"तृप्ती, इकडे ये. याला ऊब येते."

"नाही येत. पहिली खेप आहे ती."

"मी नाव नाही विचारलं. येते का ते विचारलं. हो म्हणतोय."

मी जवळ जाऊन बघितलं. ऊब येते का? येते. हाताचा दाब येतो का? येतो. ओळी साध्या होत्या. मी पुन्हा विचारून बघितलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

"धागे त्यात पहिल्यापासून होते," यास्मिन हळू आवाजात म्हणाली. "फक्त तापणं आटोक्यात नव्हतं. कारखान्यानं ते मागाहून दुरुस्त केलं, अपडेट पाठवलं. नाव बदललं नाही, कारण नावावर चालणारी पानं बंद पडली असती. आपलीच पानं. परिपत्रक आलं होतं गं."

"कधी?"

तिनं अपडेटच्या नोंदींचा लॉग उघडला. मी तारीख वाचली. बाबांना पहिल्यांदा ऑक्सिजन लावला तो आठवडा. मी दवाखान्याच्या बाकावर होते आणि न वाचलेल्या मेलची रांग बोटानं वर ढकलत होते.

म्हणजे बाबांनी मोजा घातला त्या दिवशी आईचा पाठपट तो हात घ्यायला तयार होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीही तयार होता. पाणी पहिल्या पायरीवर होतं तेव्हा, पाचव्या पायरीवर होतं तेव्हा, प्रत्येक सोमवारी तयार होता. त्याला कुणी विचारलंच नाही. मी त्याचं नाव विचारत राहिले आणि माझ्याच तक्त्यावर विश्वास ठेवत राहिले.

"येडी आहेस का, बसू नकोस अशी," यास्मिननं माझा दंड धरला. "अजून पानाएवढी जागा आहे म्हणालीस ना? काढ ती ओळ."

मी ओळ काढली. चार सेकंद लागले. तिच्या जागी नावाचा प्रश्न पुसून खरा प्रश्न लिहिला, आणखी अर्धं मिनिट. नवं खोकं सीलबंदच राहिलं. आईला खाटेवर ताठ बसवलं, पाठपट सारखा केला, आणि बाबांचा हात पाठवला.

पडद्यावर उतरलं: ऊब दिली. दाब दिला.

आई बसून होती. तिचा चेहरा मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा. पापण्या मिटलेल्या, ओठ किंचित उघडे.

"लाव की गं," ती म्हणाली.

मी तिच्या कपाळावर लिहिलं, 'चालू आहे.'

तिनं मान थोडी मागं झुकवली. खांदे सैल सोडले, पुन्हा ताठ केले. इकडे तिकडे पाठ हलवून बघितली, अंधारात चप्पल शोधावी तशी. यास्मिननं तोंडावर ओढणी धरली होती.

"मला न्हाई लागत," आई म्हणाली.

मी पाठपटावर बाहेरून हात ठेवला. कापडातून मला ते सगळं कळत होतं. कोमट तळहात. दोन हलक्या, एक जड. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता त्यांच्या, तोसुद्धा. ज्याच्यासाठी हात ठेवला होता तिला सोडून तो हात मला लागत होता.

"तुझं नवीन गोणपाट बिघडलेलं दिसतंय," आई म्हणाली. माझी समजूत काढायला म्हणाली.

इथं मला गप्प राहता आलं असतं. तिला कधीच कळलं नसतं. पण तिनं आयुष्यभर माझ्याकडून फक्त खरं ऐकलं होतं, आणि आता तिला जग माझ्याच बोटातून कळत होतं. मी लिहिलं. कपाळ लहान, शब्द मोठे. एकेक अक्षर लिहायचं, पुसल्यासारखा हात फिरवायचा, पुढचं लिहायचं. 'हे जुनंच आहे. याला येत होतं. मी विचारलं नाही.'

ती अक्षरं जुळवत राहिली. तिनं पुन्हा लिहायला लावलं. मी पुन्हा लिहिलं.

"कवापासनं येत व्हतं?"

'बाबा असल्यापासून.'

बाहेर बाबांचं चाक पालथं घातलेलं होतं, त्यावर यास्मिनची पर्स होती. मी तेवढंच बघत राहिले.

"म्हंजे वरीसभर त्येंचा हात माझ्याजवळच व्हता," आई अखेर म्हणाली. "आन् तू मधी हुबी व्हतीस."

'हो,' मी लिहिलं.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिला गालावर कळलं असणार. तिनं ते पुसलं नाही, मीही पुसलं नाही. यास्मिन माझ्या पाठीमागे उभी होती आणि "काकू, काकू" म्हणत होती, ऐकू जात नाही हे माहीत असून.

मी लॅपटॉपकडे हात नेला. निदान ते थांबवावं, असं मला वाटलं. खाटेची हालचाल झाली असेल, किंवा आईला माझा स्वभाव माहीत असेल. तिनं हात हवेत चाचपडत पुढं केला.

"बंद करतीस व्हय? नको. किती येळ चालतं ते?"

'अकरा मिनिटं.'

"मंग मधीच तोडू नगंस." तिनं पदर नीट केला, पाठ ताठ केली, आणि मांडीवर हात जुळवून बसली. "त्येंचं होऊ दे."

मी पाठपटावर हात ठेवून बसले. दोन हलक्या, एक जड. मधे खोकल्याची उबळ आली, हात उचलला गेला, क्षणभर कापड गार झालं, मग हात परत आला. आईला यातलं काही कळत नव्हतं. ती हलली नाही. पुढं थापांमधलं अंतर वाढत गेलं, बाबा दमले होते. शेवटची जड थाप पडली आणि तळहात तसाच टेकून राहिला, नुसती ऊब देत. मग तीही गेली.

आई अजून ताठ बसून होती, पाठ पुढं करून, आज्ञाधारक मुलीसारखी. यास्मिननं माझ्याकडे बघितलं. मी बोट आईच्या कपाळापाशी नेलं आणि मागं घेतलं. संपलं, असं मला लिहिता आलं नाही.